अर्धं शटर

शटर कमरेपर्यंत खाली ओढलेलं असलं की आत बसलेल्याला रस्त्यावरच्या माणसांचा फक्त खालचा अर्धा भाग दिसतो. चौदा नंबरच्या गाळ्यातली बाई तीस वर्षं तेवढ्यावरूनच माणसं ओळखत आली होती. टाच घासत येतो तो समोरचा न्हावी. डावा पाय जपून टाकतो तो घड्याळजी. आणि जो शटरशी येऊन उगाच घुटमळतो, त्याने मशीन स्वतः उघडून बघितलेलं असतं आणि आता एक स्क्रू जास्त उरलेला असतो.

गल्लीत तिला कानवाली म्हणत. शिलाई मशीन दुरुस्त करणारे डोळ्यांनी बघतात, ही ऐकायची. मशीन टेबलावर घ्यायची, डोळे मिटून हातचाक फिरवायची आणि सांगायची, "शटल घासतंय," किंवा, "तेल घातलंय, पण कुणीतरी स्वयंपाकाचं घातलंय." गिऱ्हाईक ओशाळायचं. रस्त्याचा गोंगाट आत आला की तिचा कान बंद पडायचा, म्हणून शटर नेहमी अर्धं. तिचा बापही असाच बसायचा. त्याच्याकडून तिला गाळा आणि कान दोन्ही मिळाले.

गल्लीत एकतीस गाळे, सगळे नगरपालिकेचे. कुणी बोटीने आलेलं, कुणी चालत, कुणी सात पिढ्यांपासून इथलंच. आठ-नऊ भाषा. एकमेकांच्या शिव्या कळायला वर्ष लागायचं, पण अर्ध्या शटराचा अर्थ नवख्याला पहिल्याच दिवशी कळायचा. पूर्ण खाली म्हणजे बंद. अर्धं म्हणजे माणूस आत आहे, वाकून या. कुणी उन्हासाठी अर्धं ठेवायचं, कुणी धुळीसाठी, कुणी डुलकीसाठी.

त्या सोमवारी पांढरे बूट आले.

तीन जोड्या, नव्या कोऱ्या. एकेका गाळ्यासमोर थांबायच्या आणि पुढे सरकायच्या. कानवालीने हातचाक थांबवलं. पत्ता शोधणारा विचारतो, गिऱ्हाईक वाकतं, वसुलीवाला शटर ठोकतो. नुसतं थांबून पुढे जाणारा माणूस चांगल्या कामाला आलेला नसतो, हे तिला ठाऊक होतं.

ते कुठून आलेत हे ओळखायला अक्कल लागत नव्हती. आठवड्यापूर्वी विजेच्या खांबावर कागद चिकटला होता: विद्यापीठ आणि वस्ती यांची भागीदारी, समन्यायी पुनरुज्जीवनासाठी. न्हाव्याने तो वस्तरा हातात धरूनच वाचला होता.

"ताई, भागीदारी म्हणजे बरं असेल की गं?"

"भाग त्यांचा, दारी आपण."

"आणि पुनरुज्जीवन?"

"मेलेल्याला उठवणं."

"मग मेलंय कोण?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "म्हणून तर येतायत."

गल्ली दोन दिवस या वाक्यावर हसली. कानवाली हसली नाही. अकरा वर्षांपूर्वी मागच्या बाजूला गादीवाल्यांचं आवार होतं. तिचा थोरला भाऊ तिथे गाद्या भरायचा. तेव्हाही विद्यापीठ आलं होतं. गोड बोललं, चहा पाजला, प्रत्येकाचं म्हणणं मान डोलावत लिहून घेतलं. निघताना एक कागद फिरवला, हजेरीचा. सगळ्यांनी सह्या केल्या. पाहुण्यांनी चहा पाजल्यावर सहीला कोण नाही म्हणतं? दोन महिन्यांनी त्याच सह्या नगरपालिकेत 'संमती' म्हणून निघाल्या. आवाराच्या जागी आता विद्यापीठाचं वसतिगृह आहे, आणि भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामाची राखण करतो. गादीवर झोपतो, गादी भरत नाही. त्या दिवसापासून कानवालीने ठरवलं होतं की या लोकांना एक शब्द द्यायचा नाही, एक सही द्यायची नाही.

तिने मोठा पाना उचलला आणि शटरच्या पट्टीवर दोनदा हाणला. ठण, ठण.

ही खूण तिनेच आदल्या दिवशी गल्लीभर सांगितली होती. दोन ठोके पडले की शटर अर्ध्यावर घ्या, हातातलं काम थांबवा, गप्प बसा. आपण बोललोच नाही तर लिहितील काय, डोंबल?

खडाखडा आवाज होत शटरं खाली आली. गल्ली शांत झाली. पांढरे बूट चौदा नंबरसमोर थांबले. त्यांतली एक जोडी जवळ आली आणि वरून एका मुलीचा आवाज आला, "आत कुणी आहे का?"

कानवालीने श्वास रोखला. मुलगी वाकली नाही. शिकलेली माणसं एका हाकेत ओ आली नाही तर माणूस नाही असं धरून चालतात. पेनची टिचकी वाजली आणि बूट पुढे गेले.

बुधवारी दुपारी ते परत आले, शनिवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा. दर वेळी ठण, ठण, आणि गल्ली मेल्यासारखी चिडीचूप. शनिवारी मात्र कानवाली एका जड मशीनची चाचणी घेत होती. पायडलवर पाय होता, चाक वेगात होतं, ते थांबेपर्यंत बूट दारात आले होते. चाक हळूहळू मंदावत कुरकुरत राहिलं. बाहेर बूट बराच वेळ उभे होते. मग तेही गेले.

त्या संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात हास्याचा पूर आला. "तीन चकरा मारल्या बिचाऱ्यांनी, हाती काय लागलं? भोपळा!" न्हावी म्हणाला. "ताई, तुला तर सेनापती करायला पाहिजे."

कानवालीला ते आवडलं. हे लपवण्यात अर्थ नाही, तिला ते फार आवडलं.

नऊ दिवसांनी तिची लेक कामावरून आली, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आई, आपण मेलोय."

लेक विद्यापीठाच्या छपाई विभागात होती, कंत्राटावर. त्यावरून मायलेकींचं दर महिन्याला एकदा वाजायचं. लेकीने डबा उघडला. भाजीच्या कप्प्याखाली एक कागद घडी करून ठेवलेला होता. नकाशा. सगळी गल्ली वरून काढलेली, एकतीस चौकोन. आठ हिरवे, तेवीस राखाडी. कोपऱ्यात खुलासा होता: हिरवा म्हणजे चालू, राखाडी म्हणजे रिकामा. चौदा नंबर राखाडी होता.

"रिकामा?" कानवाली म्हणाली. "मी काय हवा आहे?"

"खालचं वाच."

खाली लिहिलं होतं की वस्तीतले तीन-चतुर्थांश गाळे वापरात नसल्याने ते नगरपालिकेने परत घ्यावेत आणि नव्या, समन्यायी वाटपासाठी भागीदारीकडे सोपवावेत. शुक्रवारी शाळेच्या सभागृहात सभा. लेखी हरकत आली नाही तर नकाशा अंतिम.

कानवालीने नकाशावरून नजर काढली आणि लेकीवर रोखली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"आई!"

"विचारलं ते सांग. त्यांचं मीठ खातेस."

"आज सकाळपासून," लेक म्हणाली. "दोनशे प्रती काढल्या मी. आपल्याच गाळ्याला दोनशे वेळा राखाडी रंग दिला. आणि त्यातली एक डब्यात घालून फाटकातून बाहेर आणली. पकडलं असतं तर नोकरी गेली असती. आता तू माझ्यावर संशय घे. घे, सवयच आहे तुला."

कानवालीने नकाशा परत पुढे ओढला. मग म्हणाली, "खोटारडे. सरळ खोटं लिहिलंय."

"खोटं कुठे लिहिलंय? तू मेल्याचं सोंग केलंस, त्यांनी ते लिहून घेतलं. तीन वेळा आले ना? तीनदा बघून मगच रिकामा लिहायचं, असा नियम आहे त्यांचा. तू तिन्ही वेळा पाना हाणलास."

आयुष्यात पहिल्यांदा कानवालीच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी नकाशा गल्लीत फिरला आणि गल्लीने तेच केलं जे घाबरलेली माणसं करतात. चोर शोधायला सुरुवात केली. आठ हिरवे गाळे तपासले. सात कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानदारांचे होते, त्यांना शटराऐवजी काचेची दारं, त्यांचं काही नाही. पण आठवा? मधोमध, एकटा हिरवा? एकवीस नंबर. घड्याळजी.

"म्हातारा फुटला," कुणीतरी म्हणालं.

"त्या पोरांना आत बसवून चहा पाजत होता, मी बघितलं."

"आपण सगळे मेलो, हा एकटा जिवंत कसा राहिला?"

दोन दिवसांत घड्याळजीला कुणी रामराम घालेनासं झालं. न्हाव्याने त्याची दाढी करायला नकार दिला, म्हणजे नकार नव्हे, "आज धार नाही" म्हणाला. म्हातारा अर्धी दाढी वाढलेल्या तोंडाने गाळ्यात बसून होता आणि आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं. कारण त्याला कुणी सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

कानवाली ते बघत होती. तिला सगळं कळलं होतं, नकाशा बघताक्षणीच. तिला गप्प राहता आलं असतं. दोन दिवस ती राहिलीही. पण गल्ली आपसात फाटली तर शुक्रवारी सभेत उभं कोण राहणार? आणि आणखी एक गोष्ट होती. गादीवाल्यांच्या आवारातही शेवटी असंच झालं होतं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला आणि मागून भिंत पडली.

गुरुवारी सकाळी ती समोरच्या न्हाव्याच्या दुकानात गेली. चार-पाच जण बसले होतेच.

"काकांना बोलवा," ती म्हणाली.

"त्या हिरव्याला? कशाला?"

"बोलाव म्हटलं ना."

घड्याळजी आला, डावा पाय जपत. कानवालीने त्याच्या पाठीमागे उभं राहून खिशातला पाना काढला आणि खुर्चीच्या लोखंडी पायावर हाणला. ठण, ठण. सगळे दचकले. म्हातारा समोर बघत राहिला, शांत.

"कळलं?" ती म्हणाली. "ठोके मी दिले. काकांना ऐकू आले नाहीत, त्यांचं शटर उघडंच राहिलं, म्हणून ते वाचले. तुम्ही ऐकलं, म्हणून मेलात. शिव्या घालायच्या तर मला घाला. आठही भाषांत घाला, मला आता सगळ्या कळतात."

कुणी हसलं नाही. न्हावी वस्तरा पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुझ्या अकलेपायी माझा गाळा चाललाय."

"हो."

"नुसतं हो काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? उद्या चल माझ्याबरोबर. आणि आधी म्हाताऱ्याची दाढी कर."

घड्याळजीने सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "काय झालं? कुणी गेलं का?"

"आम्ही, काका," न्हावी त्याच्या कानाशी ओरडला. "बसा."

शुक्रवारी सभागृहात व्यासपीठावर प्राध्यापक बाई होत्या, कापलेले पांढरे केस, मऊ आवाज. शेजारी नगरपालिकेचा कारकून आणि टोकाला एक चष्मेवाली विद्यार्थिनी, पायात तेच पांढरे बूट. आता मळले होते थोडे.

"आम्ही सांगायला नाही, ऐकायला आलो आहोत," प्राध्यापक बाई म्हणाल्या.

कानवाली उठली. "ऐकायला आलात, मग ऐकलं का नाही?"

"आपण?"

"चौदा नंबर. रिकामा."

सभागृहात खसखस पिकली. बाईंनी कागद चाळले. "तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी पाहणी झालीय. तिन्ही वेळा शटर उघडं नव्हतं आणि प्रतिसाद नव्हता. आमची पद्धत काटेकोर आहे, ताई."

"मी ताई यांची," कानवालीने न्हाव्याकडे बोट केलं. "तुमची अजून नाही. प्रतिसाद दिला नाही, खरं आहे. मीच सांगितलं होतं कुणी देऊ नका म्हणून. कारण मागच्या वेळी दिला होता. माझ्या भावाने दिला होता, आवारात. त्याच्या प्रतिसादावर आज तुमची तीनशे पोरं झोपतात. पण मला एक सांगा. शनिवारी संध्याकाळी माझं मशीन चालू होतं. बाहेर तुमचं माणूस उभं होतं, बराच वेळ. त्याला ऐकू गेलं की नाही?"

प्राध्यापक बाईंनी टोकाला बघितलं. चष्मेवाली लाल झाली. ती बोलणार नाही असं सगळ्यांना वाटलं.

"गेलं," ती म्हणाली. "फक्त चौदाला नाही. बऱ्याच ठिकाणी. कुठे खोकला, कुठे रेडिओ. मला माहीत होतं आत माणसं आहेत."

"मग लिहिलं का नाहीस, पोरी?"

"फॉर्मवर दोनच रकाने होते. उघडं आणि रिकामं. आवाजाला रकाना नव्हता."

प्राध्यापक बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना हे आत्ताच कळत होतं की आधीपासून माहीत होतं, हे कानवालीने त्यांच्या चेहऱ्यावर खूप शोधलं. सापडलं नाही. मशीन असतं तर सांगितलं असतं.

"लेखी हरकत द्या," मधेच कारकून म्हणाला. "नाव, गाळा नंबर, सही." आणि त्याने एक कागद पुढे सरकवला. वर काही छापलेलं नव्हतं. खाली नुसत्या रेघा होत्या, सह्यांसाठी.

कानवालीने तो कागद ओळखला. अकरा वर्षांपूर्वी असाच होता, वर कोरा. त्या कोऱ्या जागेत नंतर काय भरलं गेलं ते तिच्या भावाला विचारा. मागून लेकीचा आवाज आला, हळू. "आई, सही नसेल तर हरकत नाही. म्हणजे, हरकतच धरत नाहीत."

सही केली तर फसवणूक, नाही केली तर राखाडी. कारकून घड्याळ बघत होता.

तिने पेन घेतलं. सहीच्या रेघेवर नाही, कागदाच्या डोक्यावर, जिथे कोरं होतं तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'ही हरकत आहे. ही हजेरी नाही. ही संमती नाही. चौदा नंबर चालू आहे.' अक्षर वाकडं आलं, कारण ती शाळेत पाचवीपुढे गेली नव्हती. पण तिने कागदाची वरची जागा पार काठापर्यंत भरून काढली. मग खाली सही केली.

"असं चालत नाही," कारकून म्हणाला.

"का? नियम दाखव."

नियम नव्हता. न्हाव्याने पेन घेतलं आणि तिच्या ओळीखाली आपल्या भाषेत तेच लिहिलं. मग तिसऱ्याने, चौथ्याने. लिपी उजवीकडून आल्या, डावीकडून आल्या. कागद पुरेना, मागे उलटला. घड्याळजीने सही करायला पेन घेतलं तेव्हा कारकून ओरडला, "अहो आजोबा, तुमचा हिरवा आहे!" म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्याने सही केली.

लेकीने तिथल्या तिथे फोनवर त्या कागदाचे फोटो काढले, पुढून आणि मागून.

"उद्या परत पाहणी करू," प्राध्यापक बाई शेवटी म्हणाल्या. "मुलं येतील."

"मुलं नकोत. तुम्ही या. आणि वाकून या."

शनिवारी त्या आल्या, चष्मेवालीला घेऊन. चौदा नंबरसमोर दोन जोड्या थांबल्या, मळलेले पांढरे बूट आणि काळे, टाच असलेले. आत कानवाली डोळे मिटून चाक फिरवत होती. तिने ओ दिली नाही. शटर वर केलं नाही. काळे बूट एक पाऊल मागे गेले, पुढे आले, आणि मग प्राध्यापक बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. आत शिरताना शटरची पट्टी त्यांच्या डोक्याला लागलीच.

"सगळ्यांना लागते पहिल्यांदा," कानवाली म्हणाली. स्टूल पुढे केलं.

बाईंनी गाळा बघितला. भिंतीला टांगलेली चाकं, तेलाच्या कुप्या, बापाचा काळवंडलेला फोटो, रांगेत सात मशीनं नावांच्या चिठ्ठ्या लावून. चष्मेवालीने फॉर्मवर पट्टीने एक रेघ मारली आणि दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा तयार केला. वर लिहिलं: 'अर्धं शटर, काम चालू.'

"मला दाखव," कानवाली म्हणाली. वाचलं. "आणि हे छापताना तुम्ही ठेवणार?"

"ठेवणार," प्राध्यापक बाई म्हणाल्या. "माझा शब्द आहे."

"शब्द नको. छापखान्यात माझी लेक आहे."

बाई क्षणभर थांबल्या आणि हसल्या. कानवाली हसली नाही. ते हसू मनापासूनचं असेल, नसेलही. त्या दोघी सात गाळे पुढे गेल्यावर बाहेरून, त्यांच्यामागे निघालेल्या न्हाव्याचा आवाज आला, "मॅडम, डोकं! डोकं सांभाळा!" आणि लगेच पत्र्याचा आवाज.

सोमवारी लेकीने नवा नकाशा आणला, डब्यातून नाही, हातात उघडा. राखाडी फक्त एक चौकोन होता, तो खरोखरच रिकामा, तिथे मांजरं राहतात. बावीस चौकोनांवर हिरव्या तिरप्या रेघा होत्या, म्हणजे अर्धं शटर, काम चालू. चौदावर पण. कानवालीने तो बघितला, मग खालचा मजकूर दोनदा वाचला, मग कागद उलटा करून मागेही काही आहे का ते बघितलं.

"आता तरी?" लेक म्हणाली.

"आता काय? वाटपाचं वाक्य काढलेलं नाही. नुसतं 'तूर्तास स्थगित' लिहिलंय. तूर्तास म्हणजे किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कानवालीने शटर उघडलं आणि नेहमीप्रमाणे खाली ओढायला घेतलं. कमरेपर्यंत आलं. ती आत जाऊन स्टुलावर बसली, बाहेर बघितलं. बूट दिसत होते, चपला दिसत होत्या. टाच घासत न्हावी गेला. तिने जरा विचार केला, उठली आणि शटर दोन विती वर सरकवलं. गोंगाट वाढला. कानाला त्रास होणार होता, होऊ दे. परत बसून बघितलं. आता रस्त्याने जाणाऱ्यांचे हात दिसत होते, आणि हातांत कागद असला तर तोही.

तिने पाना टेबलावर, हाताशी ठेवला आणि चाक फिरवायला सुरुवात केली. डोळे मात्र या वेळी उघडे होते.